ईसीएम बदलून देणाऱ्या ताईंना पैकीच्या पैकी, बाकीच्यांचं विचारू नका

माझा धंदा फ्रीज आणि एसी दुरुस्तीचा. व्हॅन म्हणजे माझं चालतं दुकान. मागे व्हॅक्युम पंप, गॅसचे सिलिंडर, ब्रेझिंगचा टॉर्च, तांब्याच्या नळ्यांची वेटोळी, टपावर शिडी. व्हॅन उभी राहिली की मीही उभा. त्यामुळे ती बंद पडल्यावर मी शांत डोक्यानं विचार केला, असं काही सांगणार नाही. पहिला निर्णय चुकला, दुसरा बरोबर आला आणि हे परीक्षण त्या दुसऱ्याचं आहे. इंजिनाचा सगळा कारभार बघणारी ॲल्युमिनियमची डबी, म्हणजे ईसीएम, दुरुस्त करणाऱ्या आणि क्लोन करून देणाऱ्या एका ताईंच्या छोट्या वर्कशॉपचं.

घाईत असाल तर एवढंच वाचा: निदान उत्तम, काम चोख, फोन उचलण्यात शून्य गुण.

आता सविस्तर. दुखणं सुरू झालं तेव्हा अर्धा-पाऊण तास चालवल्यावर इंजिन चालता चालता गप्प व्हायचं. धक्का नाही, धूर नाही, खोकला नाही, दिवा मालवावा तसं. आरपीएमचा काटा सर्रकन शून्यावर यायचा आणि डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम लागायचे. वीस मिनिटं बॉनेट उघडं टाकून थांबलं की पहिल्या सेल्फला गाडी चालू, जणू काही झालंच नाही. गिऱ्हाइकाला फोन करून 'पोहोचतोच आहे' म्हणायचं आणि रस्त्याच्या कडेला बॉनेटकडे बघत बसायचं, असे तीन आठवडे काढले.

पहिल्या गॅरेजात क्रँक सेन्सर बदलला. याबद्दल माझी तक्रार नाही. इंजिन तापल्यावर बंद पडतं आणि थंड झाल्यावर चालू होतं म्हटलं की कुणाचाही पहिला संशय क्रँक सेन्सरवरच जातो. क्रँकशाफ्ट किती आणि कुठवर फिरला हे तो सांगतो, आणि तो गप्प झाला की ईसीएमला डिझेल कधी फवारायचं ते कळतच नाही. अंदाज वाजवी होता, फक्त चुकीचा होता. दोन दिवसांनी गाडी पुन्हा तशीच बंद पडली, आणि मग एका सकाळी चालूच होईना. सेल्फ जोरात फिरतोय, पण इंजिन पकडत नाही. स्कॅनर लावला तर ब्रेक सांभाळणारं एबीएस बोलतंय, एअरबॅग बोलतंय, इंजिनाचा ईसीएम मात्र मौनात. एबीएसमध्ये कोड होता यू ०१००.

'ईसीएम गेला,' गॅरेजातल्या मुलानं निकाल दिला.

यू ०१०० चा अर्थ फक्त एवढाच की, इंजिनाच्या ईसीएमशी बोलणं होत नाही. फोन लागत नाही म्हणजे माणूस गेला असं नव्हे. बॅटरी संपली असेल, रेंज नसेल, तार तुटली असेल. पण हे शहाणपण मला नंतर आलं. तेव्हा मी मान डोलावली. त्यांनी तशाच मॉडेलच्या मोडीत निघालेल्या गाडीचा ईसीएम आणला, कपलर, म्हणजे तारांच्या जुडग्याचा जोड, बसला, सेल्फ मारला. इंजिन दोन सेकंद भुरभुरलं आणि बंद. पुन्हा मारलं, पुन्हा तेच. डॅशबोर्डवर चावीचं चिन्ह लुकलुकत होतं.

हे असं का होतं ते इथेच सांगून टाकतो, कारण यात बरेच जण फसतात. चावीच्या प्लॅस्टिकमध्ये एक चिप असते. इमोबिलायझर, म्हणजे चोरी रोखणारी यंत्रणा, ती वाचतो आणि 'हीच आपली चावी' असं ईसीएमला कळवतो. ही ओळख एका गुपितावर चालते, आणि ते गुपित त्याच गाडीच्या ईसीएमच्या मेमरीत लिहिलेलं असतं. दुसऱ्या गाडीचा ईसीएम आणला की त्याच्या पोटात दुसऱ्या गाडीचं गुपित असतं. तो आपल्या चावीला ओळखत नाही, इंजेक्शन बंद करतो. म्हणजे तो बिघडलेला नसतो, इमानदार असतो. कपलर बसला म्हणजे ईसीएम जुळला, असं समजणं म्हणजे चप्पल पायात गेली म्हणून ती आपलीच असं समजणं.

गॅरेजवाल्यांनी तो परत घेतला, पण जाताना एक गोष्ट म्हणाले आणि त्यावरून मी जवळजवळ घसरलोच होतो. 'जुना इथेच राहू द्या, बदलीत वळता करून घेऊ.' नशीब, माझी सवय आड आली. काढलेला कॉम्प्रेसर मी गिऱ्हाइकाला दाखवल्याशिवाय कधी हलवत नाही, म्हणून माझाही जुना भाग मी मागून घेतला. कुणालाही माझा एवढा एकच सल्ला असेल: जुना ईसीएम मेलाय असं दहा जणांनी सांगितलं तरी हातचा सोडू नका. तुमच्या चाव्यांचं गुपित, डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरांचे कोड, गाडीचा क्रमांक, सगळं त्यातच असतं.

गाडी टो करून ताईंकडे नेली. पाटी बघून आत शिरलो तर दोन टेबलं, एक मायक्रोस्कोप, बेंचवरचा पॉवर सप्लाय, भिंतीवर कपलरांचे जुडगे. स्वतः ताई सोल्डरिंग करत होत्या. मी ईसीएमची डबी टेबलावर ठेवली आणि म्हणालो, 'हा गेलाय, दुसरा करून द्या.'

ताईंनी डबीकडे पाहिलंही नाही. 'गाडी कुठंय, दादा?'

'बाहेर. पण ईसीएम...'

'ईसीएम पळून जात नाही. आधी गाडी बघू.'

मग त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. बंद पडते तेव्हा गरम की थंड? पाऊस पडल्यावर जास्त का? कुणी जंप-स्टार्ट दिलाय का? गाडीवर कुठे वेल्डिंग केलंय का? बॅटरी कधी बदलली? गाडीत आणखी काय बसवलंय? मी उत्तरं देत गेलो. काही खरी, काही... त्यावर येतो. हे प्रश्न ऐकताना मला जरा लाज वाटत होती, कारण मी माझ्या गिऱ्हाइकांना हेच विचारतो. इन्व्हर्टर एसीचा पीसीबी, म्हणजे सर्किट बोर्ड, जळाला की लोक नवा पीसीबी मागतात. आतला फॅनचा मोटर शॉर्ट असतो, तो नवा पीसीबीही खातो. मग शिव्या पीसीबीला. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. आणि मीच इथे पखाल घेऊन उभा होतो.

पुढचा पाऊण तास ताईंनी जे केलं, त्यासाठी हे परीक्षण लिहायला घेतलं.

ईसीएमचा कपलर रिकामा होता. साधा माणूस तिथे मल्टिमीटर लावतो, बारा व्होल्ट दिसले की 'सप्लाय येतोय' म्हणतो. ताईंनी हेडलाइटचा पंचावन्न वॅटचा बल्ब घेतला, त्याला दोन तारा जोडल्या आणि तो सप्लायच्या पिनेला आणि अर्थिंगच्या पिनेला लावला. 'मीटरला व्होल्टेज दाखवायला तारेतली एक काडी पुरते,' त्या म्हणाल्या. 'बल्बला खरा करंट लागतो.' पंचावन्न वॅटचा बल्ब बारा व्होल्टवर साडेचार अँपिअर ओढतो. तार कुजलेली असेल, रिलेचा संपर्क करपलेला असेल, तर बल्ब लगेच चुगली करतो. बल्ब लख्ख पेटला. पण त्यांनी तिथेच न थांबता मीटर बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि इंजिनाच्या ब्लॉकवर लावला आणि मला सेल्फ मारायला सांगितला.

एक पूर्णांक चार व्होल्ट.

आता इलेक्ट्रिकचं ज्याला थोडं कळतं त्याचे कान इथे उभे राहायला हवेत. इंजिनाचा ब्लॉक आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यात सेल्फ मारताना जवळजवळ काहीच दिसता कामा नये. दशांश दोन, फार तर दशांश तीन. डिझेलचा स्टार्टर दोनशे-तीनशे अँपिअर सहज ओढतो, आणि तो सगळा करंट इंजिनावरून बॅटरीकडे परत यावा लागतो. त्यासाठी इंजिन आणि बॉडी यांच्यात विणलेल्या तांब्याचा जाड पट्टा असतो. तो सैल असेल, गंजला असेल, किंवा त्याच्या खाली नीट धातू नसेल, तर करंट हट्ट सोडत नाही, वाट शोधतो. गिअरच्या केबलमधून जातो, ॲक्सिलरेटरच्या तारेतून जातो, सेन्सरांच्या बारीक अर्थिंगमधून जातो. आणि त्या बारीक तारा शेवटी कुठे पोहोचतात? ईसीएमच्या पोटात.

ताईंनी पट्टा काढला. बॅटरीच्या ट्रेजवळच्या बोल्टाखाली होता. पट्टा दिसायला झकास, एक धागा तुटलेला नाही. पण ट्रेच्या ज्या पत्र्यावर तो बसवला होता त्यावर जाड राखाडी रंग होता. रंगावर बोल्ट आवळला होता. वीज जात होती ती फक्त बोल्टाच्या आट्यांमधून, आणि त्या आट्यांवर हिरवट-पांढरा थर होता.

'रंग कुणी मारला हो ट्रेला?' त्यांनी विचारलं.

'असेल कुणीतरी,' मी म्हणालो.

त्यांनी रंग घासून चकाकता पत्रा काढला, पट्टा आवळला, वरून ग्रीस लावलं. पुन्हा सेल्फ. दशांश एक व्होल्ट. इथे एक गोष्ट मला आवडली: ग्रीस आधी नव्हे, आवळल्यावर लावलं. आधी धातूला धातू भिडला पाहिजे, ग्रीस फक्त नंतर हवा-पाणी अडवायला.

मग कॅनच्या तारा. गाडीतल्या अशा सगळ्या डब्या, इंजिनाची, एबीएसची, एअरबॅगची, एकमेकींशी दोन पिळलेल्या तारांवर बोलतात. ही पद्धत बॉशनं १९८६ साली मांडली आणि आज जवळजवळ प्रत्येक गाडीत आहे. स्टेअरिंगखालच्या सोळा पिनांच्या कपलरमध्ये सहा आणि चौदा नंबरच्या पिनांवर त्या तारा येतात. दोन्ही टोकांना एकशेवीस ओहमचा एकेक रेझिस्टर असतो, म्हणून बॅटरी काढून मोजलं तर दोन्ही मिळून साठ ओहम दिसायला हवेत. दिसले एकशेवीस. मी 'सापडलं!' म्हणायला तोंड उघडलं तर ताई हसल्या. 'ईसीएम टेबलावर आहे ना, दादा. एक रेझिस्टर त्याच्याच पोटात आहे.' बऱ्याच गाड्यांमध्ये तसंच असतं. माझा ईसीएम परत लावून मोजलं, साठ. म्हणजे तारा धडधाकट होत्या आणि निदान तो रेझिस्टर तरी जिवंत होता.

सेन्सरांच्या पाच व्होल्टचं त्यांनी भराभर बघितलं. एखादा सेन्सर शॉर्ट झाला की तो सगळ्यांचे पाच व्होल्ट खाली ओढतो आणि ईसीएमला वेड लागल्यासारखे कोड येतात. आमच्याकडे तसं नव्हतं. सोडून दिलं.

आता कुठे डबी बेंचवर आली. पॉवर दिल्यावर ती बोलली! स्कॅनरला उत्तर दिलं. मी म्हणालो, 'म्हणजे चांगली आहे?' त्यांनी काही न बोलता गरम हवेची बंदूक दूर धरून डबी हळूहळू तापवली. सात-आठ मिनिटांनी संवाद तुटला. मग त्यांनी एक फवारा घेतला आणि एका कोपऱ्यावर थंडी मारली, तर डबी पुन्हा बोलायला लागली. गार फवारा हा माझ्या धंद्यातला पाहुणा, तो इथे भेटल्यावर मला उगाच आपलं माणूस भेटल्यासारखं झालं.

डबी उघडायची म्हणजे कडेचं सिलिकॉन गरम करून कापावं लागतं. आतला बोर्ड बघितला मायक्रोस्कोपखाली. अर्थिंगचा एक पट्टा तपकिरी पडलेला, त्याच्या टोकाच्या सोल्डरला केसाएवढी चीर. गार असताना ती मिटलेली, गरम झाली की उघडते. अर्धा-पाऊण तासात गाडी का बंद पडायची त्याचं उत्तर समोर होतं. स्टार्टरचा जो करंट इंजिनाच्या त्या जाड पट्ट्यातून जायला हवा होता, त्यातला काही रोज सकाळी या बारीक वाटेनं जात होता आणि रोज थोडी थोडी वाट भाजत होता. ताई म्हणाल्या, 'मी शपथेवर सांगणार नाही, पण पैज लावायची तर यावर लावीन.' मला हे बोलणं खूप आवडलं. ज्याला सगळं शंभर टक्के माहीत असतं, त्या मिस्त्रीकडून मी लांबच असतो.

यापुढे तीन रस्ते होते, आणि ताईंनी तिन्ही नीट सांगितले. एक, हाच बोर्ड दुरुस्त करायचा. चीर भरता येते, पण भाजलेला पट्टा बोर्डाच्या आतल्या थरात किती लांब गेलाय ते दिसत नाही, म्हणून त्या हमी देणार नव्हत्या. दोन, कंपनीचा नवा कोरा ईसीएम. तो गाडीत बसवून त्यात सॉफ्टवेअर, गाडीचा क्रमांक, चाव्या, इंजेक्टरांचे कोड, सगळं भरावं लागतं आणि खर्च सगळ्यात जास्त. तीन, त्याच हार्डवेअर नंबरचा जुना, चांगला ईसीएम घेऊन त्यात माझ्या डबीतलं सगळं जसंच्या तसं उतरवायचं. यालाच क्लोन म्हणतात. माझी डबी गार असताना बोलत होती, म्हणजे आतलं वाचता येत होतं. ती पूर्ण मेली असती तर हा रस्ता बराच अवघड झाला असता. ताईंचं मत तिसऱ्या बाजूला होतं, मीही तिकडेच गेलो. नव्या ईसीएमला जे पडलं असतं, त्याच्या निम्म्याहून कमी लागले.

हार्डवेअर नंबर हा मुद्दा पुन्हा सांगतो. डबीवरच्या स्टिकरवर दोन-तीन नंबर असतात. बाहेरून एकसारखी दिसणारी, कपलरही तसाच असणारी डबी आतून वेगळी असू शकते: इंजेक्टर चालवणारा भाग वेगळा, मेमरी वेगळी. पहिल्या गॅरेजनं बाहेरचं रूप बघून डबी आणली होती. ताईंनी आणलेल्या डोनरचा, म्हणजे माझं सगळं ज्यात उतरवायचं त्या जुन्या डबीचा, नंबर अक्षर न अक्षर जुळत होता, आणि त्यात काही लिहिण्याआधी त्यांनी तीही तापवून बघितली. डोनर म्हणून आणलेली डबीच आजारी निघाली तर पुन्हा शून्यापासून, म्हणून.

वाचन माझ्यासमोर झालं. एक मोठी फाइल, एक छोटी. मोठीत इंजिन चालवायचा प्रोग्रॅम आणि डिझेल कधी, किती सोडायचं त्याचे तक्ते, छोटीत चाव्यांचं गुपित आणि गाडीनं स्वतः शिकलेल्या गोष्टी. दोन्ही दोनदा वाचून एकमेकांशी ताडून बघितल्या. तापून संवाद तुटला की अर्धवट फाइल येते, म्हणून बोर्डाखाली छोटा पंखा लावला होता. मग लिहिणं. हे चालू असताना त्यांनी सहायकाला बेंचजवळ फिरकू दिलं नाही. लिहिताना सप्लाय क्षणभर जरी गेला तरी डबी विटेसारखी निकामी होते.

मी बसवायला हात पुढे केला तर मला अडवलं. चावी बंद केल्यावरही ईसीएम काही वेळ जागा असतो. दिवसभरात शिकलेले आकडे मेमरीत लिहितो आणि मगच त्याला सप्लाय देणारा मेन रिले सोडतो. त्या वेळी कपलर ओढला तर लिहिणं अर्धवट राहतं. पहिल्या गॅरेजात मुलानं चावी चालू ठेवूनच कपलर खेचला होता, ते मला आठवलं. ताईंनी चावी काढली, थोडा वेळ थांबल्या, बॅटरीचं निगेटिव्ह काढलं आणि मगच हात लावला.

पहिल्या सेल्फला चालू. चावीचं चिन्ह उजळलं आणि विझलं. चाव्या तशाच, कुठलीही जोडणी पुन्हा करावी लागली नाही.

मी पैसे काढायला लागलो तर म्हणाल्या, 'थांबा, अजून संपलं नाही.' इंजिनावरचं कव्हर काढून त्यांनी इंजेक्टरांच्या डोक्यावर कोरलेले कोड टॉर्च मारून वाचले. प्रत्येक इंजेक्टर घडताना इतरांपेक्षा किंचित वेगळा होतो, कुणी जरा जास्त डिझेल सोडतो, कुणी कमी. तो किती वेगळा आहे ते त्या कोडात असतं. ईसीएमला कोड माहीत असला की तो त्या त्या इंजेक्टरला सांभाळून घेतो. स्कॅनरवर चारही कोड काढले. पहिले दोन जुळले, चौथा जुळला, तिसरा नाही.

दोन वर्षांपूर्वी तिसरा इंजेक्टर बदलला होता. तेव्हा कुणी नवा कोड भरलाच नाही. आणि दोन वर्षं मी सिग्नलला उभा असताना स्टेअरिंगला येणारी ती थरथर 'गाडी जुनी झाली' म्हणून सोसत होतो. क्लोनमध्ये जुनी चूकही इमाने-इतबारे उतरली होती. ताईंनी योग्य कोड भरला, इंजिन बंद करून पुन्हा चालू केलं. डॅशबोर्डवर ठेवलेला माझा पाना आधी खुळखुळायचा, तो गप्प झाला. याचे वेगळे पैसे घेतले नाहीत.

आता नावं ठेवतो, नाहीतर म्हणाल ओळखीची आहे.

फोन. ताई फोन उचलत नाहीत. काम करताना उचलत नाहीत हे समजू शकतो, पण संध्याकाळीही उचलत नाहीत आणि परत करतही नाहीत. दोन दिवसांत देते म्हणाल्या होत्या, पाच दिवस लागले, कारण नंबर जुळणारा डोनर मिळेना. कारण पटतं, पण ते मला तिथे जाऊन कळलं. पाच दिवस ज्याची रोजी बंद आहे त्याला एक ओळीचा निरोप पाठवायला काय लागतं? यू ०१०० बद्दल वर मी जे लिहिलंय ते मी त्या दिवसांत स्वतःलाच समजावत होतो.

दुसरं, लेखी काही देत नाहीत. मागितलं तेव्हा बिलाच्या मागे दोन ओळी लिहिल्या. मोजलेले आकडे, आधीचे आणि नंतरचे, आणि बोर्डाचा फोटो दिला असता तर गाडी विकताना किंवा पुढे कुठे दाखवताना उपयोग झाला असता. फोटो त्यांच्या मायक्रोस्कोपवर आहे, मी बघितलाय, पण तो तिथेच राहिला.

तिसरं, ईसीएमच्या कपलरचा लॉक पहिल्या गॅरेजात तुटला होता. ताईंनी त्यावर केबल-टाय बांधला. घट्ट आहे, पण एवढ्या बारीक कामानंतर शेवटी केबल-टाय? मला खटकतं. बोललो तर म्हणाल्या, 'लॉक वेगळा मिळत नाही, सगळा कपलर घ्यावा लागतो, उगाच खर्च कशाला.' बरोबर असेल. तरी खटकतं.

आणि हमी सहा महिन्यांची, फक्त डबीवर. वायरिंगवर नाही. हे त्यांनी काम हातात घेण्याआधीच सांगितलं होतं, म्हणून ही तक्रार नाही, माहिती आहे.

डबी परत बंद करताना त्यांनी एका गोष्टीकडे लक्ष दिलं, ते मला घरी आल्यावर जास्त पटलं. ईसीएमच्या डबीला श्वास घ्यायला एक छोटीशी पडदी असते. डबी तापली की आतली हवा फुगते, गार झाली की आक्रसते. ती वाट बंद केली तर आक्रसताना कडेच्या सीलमधून दमट हवा आत ओढली जाते. काही जण 'पाणी जाऊ नये' म्हणून ती पडदीच सिलिकॉननं लिंपून टाकतात. माझ्या जुन्या डबीवर ती लिंपलेली नव्हती, नव्यावरही नाही. फ्रीजवाल्याला दमट हवा काय करते हे सांगायला नको.

चार महिने झाले. रोज तीस-चाळीस ठिकाणी सेल्फ मारणं होतं, टपावर शिडी, मागे सिलिंडरांची खडखड, खड्डे, पाऊस सगळं झालं. एकदाही बंद पडली नाही. चार महिन्यांनी मी स्वतः बॅटरीचं निगेटिव्ह आणि इंजिनाचा ब्लॉक यांच्यात मीटर लावून बघितला, सेल्फ मारायला मुलाला बसवलं. अजूनही दशांश एक.

एक गोष्ट राहिली. 'असेल कुणीतरी' म्हणालो होतो ते.

मागच्या वर्षी बॅटरी बदलताना ट्रे गंजलेला दिसला. मी तो काढला, घासला आणि व्हॅनच्या मागच्या कप्प्यांना मारून उरलेला राखाडी रंग त्याला मारला. दोन हात. बोल्टाची जागा झाकायची असते हे मला माहीत नव्हतं असंही नाही. मी गिऱ्हाइकांना अर्थिंगवर व्याख्यान देतो. त्या दिवशी घाई होती, रंग ओला होता, पट्टा त्यावर आवळला आणि निघालो.

ताईंनी ट्रे घासताना मान वर करून एकदा उघड्या मागच्या दारातून कप्प्यांकडे बघितलं होतं. राखाडीच आहेत, तोच रंग. मग पुन्हा ट्रे घासायला लागल्या आणि काहीच बोलल्या नाहीत.